काटे नसलेलं घड्याळ

आमचे मामा पारनेरला घड्याळं दुरुस्त करतात, हे मी मुक्ताला सांगायलाच नको होतं. मुक्ता माझी कॉलेजातली मैत्रीण, पुण्यात चित्रकार आहे. तिला प्रदर्शनात लंबकाचं घड्याळ टांगायचं होतं, पण बिनकाट्याचं. टिकटिक ऐकू यावी आणि किती वाजले ते कळू नये, अशी कल्पना. मामा म्हणाले, देतो करून.

शनिवारी आम्ही ते आणायला गेलो, तर घड्याळ दुकानात चालू होतं आणि त्याला काटे होते.

"मामा, काटे नको होते ना?" मुक्ता म्हणाली.

"काढनार हाय. पन दिवसाला चार मिनिटं मागं पडतंय. अजून आठ दिवस ठेवून बघावं लागंल."

"अहो, प्रदर्शन पुढच्या रविवारी आहे. आणि काटेच नसतील तर कोणाला कळणार आहे?"

मामांनी डोळ्याचं भिंग काढलं. "ताई, मागं पडनारं घड्याळ मी गिऱ्हाईकाला देत न्हाई. रविवारी सकाळी आनून देतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

रविवारी मामा एसटीनं, घड्याळ मांडीवर घेऊन पुण्यात पोचले. स्वतः भिंतीवर टांगलं, लंबक हलवला. काटे नव्हते. मुक्ताचा जीव भांड्यात पडला.

निघताना मामांनी खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत दोन काटे होते.

"जवळ असू द्या," मामा म्हणाले. "कुनाला शंका आली, तर हे लावून आठ दिवस बघत बसा म्हनावं."