गुरुवारच्या खोलीची वाटणी

समारंभाच्या अध्यक्ष महोदया, ज्यांच्या निधीतून हा सगळा विस्तार चालला आहे ते प्रमुख पाहुणे संचालकसाहेब, आमच्या संस्थेचे कार्यवाह, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, आणि समोर बसलेली सर्व वडीलधारी व माझ्या बरोबरीची मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार. कुणाचा मान राहून गेला असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर घरी गेल्यावर मला तेच डाचत राहतं.

मागे ऐकू येतंय ना? आणि तो कोपऱ्यातला पंखा जरा कमी करा. तिसऱ्या रांगेत आमची ही बसली आहे, तिच्या मानेला वारा बाधतो.

माझी ओळख करून देताना 'लाभार्थी कुटुंबाचे प्रतिनिधी' असं म्हटलं गेलं. मी साधा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. शाळा अर्ध्यात सुटली. त्यामुळे शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या. काळजी करायची सवय मात्र धंद्यातूनच लागली. लिफ्टवाल्याने काळजी केली नाही तर इतरांना करावी लागते. कार्यवाह मघाशी मला म्हणाले, "काका, दोन गोड शब्द बोला आणि बसा." तर बाई फार चांगल्या आहेत. हे दोनापेक्षा जास्तच झाले. आता बाकीचं बोलतो.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. आमची ही कापडाच्या दुकानात विक्रीला होती. बोलण्यात इतकी पटाईत की रुमाल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पडद्याचं कापड घेऊन जायचं आणि वर हिचे आभार मानायचं. मग एके दिवशी तिला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. डोक्यात सगळं जागच्या जागी, पण शब्द तोंडापर्यंत येताना वाटेत अडकतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते ना, तसं. आत माणूस धडधाकट उभा आहे, सगळं ऐकतो आहे, आणि बाहेरचे लोक मोठमोठ्याने विचारतायत, "आत कुणी आहे का?"

अशा लोकांसाठी बाईंनी लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी बैठक सुरू केली. खुर्च्या चार तऱ्हांच्या. खालून इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे खिडकीच्या काचा सदा धुरकट. मधे गोल करून वाचा गेलेली मंडळी, आणि भिंतीला टेकून आम्ही घरची माणसं. नियम एकच. दुसऱ्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. ती 'खि' म्हणाली तर "खिडकी लावू का गं?" असं विचारायचं नाही. थांबायचं. तिचा शब्द तिला सापडेपर्यंत सगळ्या खोलीने थांबायचं.

सोपं वाटतं ना? घरी जाऊन करून बघा. मला पहिल्याच महिन्यात बाईंनी दोनदा जिन्यात काढलं. "काका, तुमच्या तोंडाला आराम हवा असेल तर जिना मोकळा आहे," म्हणाल्या. मी जायचो आणि पायरीवर बसून कान दाराला लावायचो.

तिथे आमचे बसड्रायव्हर होते. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला, आणि तो या सभागृहात उच्चारण्यासारखा नाही. चहा हवा असला तरी तोच, नको असला तरी तोच, कुणाला ठेच लागली तरी तोच. पण आम्हाला सुरावरून कळायचं. हिने पहिल्यांदा खुर्चीवरून उठून स्वतःचं नाव सांगितलं, तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी भरल्या डोळ्यांनी तो शब्द इतक्या मायेने म्हटला की तशी शाबासकी मला आयुष्यात कुणी दिलेली नाही. दुसरे आमचे गणिताचे सर. ते फळ्यावर लिहू शकायचे, बोलायचे मात्र मोजकं. हिला शब्द अडला की सर तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसायचे, तिला घाई वाटू नये म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकमेकांच्या सहवासात त्यांना ते जमत गेलं.

आणि झटक्यानंतर आमच्या हिचं पहिलं पुरं वाक्य त्याच खोलीत आलं. "अहो, गप्प बसा." मला म्हणाली. या वेळी मी आपणहूनच जिन्यात गेलो. कशासाठी गेलो ते सांगत नाही.

पुढे विद्यापीठाचे लोक आले. त्यांनी आमच्या मंडळींना चित्रं दाखवली, प्रश्न विचारले, परत आले, परत विचारले. जे नुसते घरी बसून होते त्यांच्याशी ताडून पाहिलं. आणि सांगितलं की हा उपक्रम सिद्ध झाला. आम्ही पेढे... नाही, आम्ही केक कापला, ड्रायव्हरसाहेबांनी आपला शब्द म्हटला, सगळे हसले.

मग संचालकसाहेब, तुमचा निधी आला. सिद्ध झालेल्या सामुदायिक उपक्रमांचा विस्तार, असं त्या योजनेचं नाव. शहराच्या प्रत्येक भागात आता अशी बैठक होणार. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, चला, आता खुर्च्या तरी एका तऱ्हेच्या येतील.

खुर्च्या आल्या नाहीत. निधी नव्या केंद्रांसाठीच, जुन्या खोलीसाठी नाही, कारण जुनी खोली म्हणे आधीच उभी आहे. बरं. समजलं. पण मग तुमचे प्रकल्प अधिकारी आले. तरुण, हसतमुख, हातात टॅब. म्हणाले, "नव्या केंद्रात अनुभवी सहभागी हवेत. म्हणून तुमच्यातला एकेक जण एकेका केंद्रावर जाईल. मार्गदर्शक म्हणून."

मी विचारलं, "आणि गुरुवार?"

"गुरुवार आता सगळ्या शहराचा झाला, आजोबा!"

"पण हे सगळे एकत्र कधी बसणार?"

"त्यांना आता एकत्र बसायची गरज नाही. ते बरे झालेत. आकड्यांत दिसतंय."

मी त्यांना म्हटलं, "साहेब, लिफ्ट चांगली चालते म्हणून तिची मोटर एका इमारतीत, दोर दुसरीत आणि माणसं उभी राहतात तो पाळणा तिसरीत बसवला, तर तीन लिफ्ट होतात का?" ते हसले. म्हणाले, "आजोबा, तुम्ही फार काळजी करता."

करतो! माझं कामच ते होतं!

वाटणी झाली. भाऊ भांडले की घराची होते, इथे तर कुणी भांडलंही नव्हतं. ड्रायव्हरसाहेब नदीपलीकडच्या केंद्रात गेले. तिथल्या स्वयंसेविकेने "काका, चहा घेणार?" विचारलं आणि त्यांनी आपला शब्द म्हटला. चहा हवा होता त्यांना. त्यांच्या सुनेला घरी फोन गेला, "त्यांची भाषा केंद्राच्या वातावरणाला शोभत नाही." आता ते गॅलरीत बसून असतात. मी भेटायला गेलो तर त्यांनी तो शब्दही म्हटला नाही. सांगा, याला विस्तार म्हणायचं? ज्या माणसाकडे एकच शब्द होता, तोही आपण काढून घेतला.

आणि आता जरा माझ्या मागच्या या पडद्याकडे बघा. हो, अध्यक्ष महोदया, तुम्हीही वळून बघा. हा एवढा मोठा फोटो कुणाचा आहे? आमच्या हिचा. खाली लिहिलंय, 'मला माझा शब्द मिळाला.' त्या दिवशी मी तिथे होतो म्हणून सांगतो. नव्या केंद्राचं उद्घाटन होतं. हिला पुढे बसवलं, माइक दिला. समोर सगळे अनोळखी. ही म्हणाली, "मला... क..." आणि अडकली. अडकली तर अडकली! आमच्या खोलीत सर खिडकीबाहेर बघत बसले असते. इथे पाच माणसं पुढे सरसावली. "काम? काम करायचंय?" "कविता? कविता म्हणायचीय?" "केंद्र! केंद्र आवडलं का?" मागून कुणीतरी "कमाल!" असं ओरडलं. मी उठलो तर अधिकारी म्हणाले, "आजोबा, बसा, फोटोत येताय." ती माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने मान हलवली. 'केंद्र'ला हलवली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, तो हा.

तिला केंद्र म्हणायचं नव्हतं. सुटका हवी होती म्हणून तिने मान हलवली. काय म्हणायचं होतं ते मी नंतर विचारलं, एकदा नाही, अनेकदा. तो शब्द परत आलाच नाही. गुरुवारी केंद्रातून घरी आलो की ती कपाट आवरते. सगळ्या घड्या उलगडते आणि पुन्हा घालते. आणि त्या फोटोखाली लिहिलंय की शब्द मिळाला!

बाई, आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही आज विस्तार प्रमुख म्हणून मोठ्या कार्यालयात चालला आहात. अभिनंदन. पण या वाटणीला तुम्ही हो म्हणालात, हे मला पचलेलं नाही. मी तुम्हाला लाँड्रीसमोर गाठून विचारलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "काका, तुमच्या खोलीत सात-आठ जण. बाहेर शेकडो लोक घरात मुके बसलेत. त्यांना मी काय सांगू, जागा नाही?" मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून मी माझ्याशीच भांडतो आहे. मी स्वार्थी आहे का? हिच्या नव्या केंद्रात एक शिंपी येतो, जेमतेम तिशीचा असेल. त्याची बायको भिंतीला टेकून बसते, पहिल्या दिवशी मी बसलो होतो तशीच, ओठ घट्ट मिटून. तिला मी काय सांगू, की केंद्र बंद व्हावं? नाही हो. माझी जीभ झडेल.

पण बाई, उत्तर मला आता सुचलंय, उशिरा का होईना. विरजणाला चमचाभर दही घेतात, भांडं पालथं करत नाहीत. त्या शिंप्याला काही महिने आमच्या खोलीत येऊ द्या. जिन्यातसुद्धा बसू द्या. बसणारे एकमेकांचे झाले की मग दोघं-तिघं मिळून जातील नव्या जागी, आणि गुरुवारी परत येतील. वेळ लागेल. लागू द्या. ज्या उपक्रमाचं सगळं मर्म थांबण्यात आहे, तो घाईघाईने वाढवायचा, ही कल्पना सुचली तरी कुणाला?

काय म्हणालात, साहेब? माइकमध्ये बोला, लोकांना ऐकू येऊ द्या. नियमात बसत नाही? जुन्या केंद्रावर खर्च दाखवता येत नाही?

आम्ही खर्च कुठे मागतोय! आमची माणसं परत मागतोय. ती तर तुमच्या निधीतून आलेली नव्हती. ती आमची आम्ही आणली होती, जिने चढवून, हाताला धरून. तुमच्या नियमात नसतील बसत तर नसोत, त्या खोलीत मजेत बसायची.

अध्यक्ष महोदया घड्याळाकडे बघतायत. कार्यवाह तर केव्हाचे माझा सदरा ओढतायत. आटोपतो, दादा, सदरा सोडा, नवा आहे.

एवढंच जाहीर करतो. सरांशी बोललोय, ड्रायव्हरसाहेबांच्या सुनेशी बोललोय. येत्या गुरुवारी आम्ही सगळे लाँड्रीवर जमणार. खोलीला कुलूप असेल तर जिन्यात बसू. शिंपी आणि त्याची बायकोही येणार आहेत, मी सांगून ठेवलंय. बाई, तुम्हाला निरोप देतो खरा, पण गुरुवारी मोठ्या कार्यालयातून अर्धा दिवस सुट्टी मिळत असेल तर बघा. आणि हा पडदा उतरवल्यावर फोटो आमच्या घरी पाठवू नका.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, संचालकसाहेबांनी उठून न जाता ऐकून घेतलं, पंखेवाल्याने पंखा कमी केला, सगळ्यांचे मनापासून आभार. शिकलेल्या माणसाने हेच गोड करून सांगितलं असतं. मला जमलं तसं बोललो. त्यात ज्या चुका झाल्या त्या पोटात घाला. तुमची एक आहे, साहेब, ती माझ्या पोटात मावत नाही, म्हणून इथे टेबलावर ठेवून जातो. बसतो.