न सुटलेला नट

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भगवंतरावजी, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, टेम्पो चालक-मालक मंडळाचे पदाधिकारी, अमरावतीच्या फुलबाजारातली आणि भाजीबाजारातली वडीलधारी मंडळी, माता-भगिनींनो, आणि आजचे सत्कारमूर्ती अब्दुल गफ्फार मिस्त्री. सत्कारमूर्ती हा शब्द मी रीत म्हणून एकदा उच्चारला. लहानपणापासून ज्यांना चाचा म्हणत आलो त्यांना मूर्ती म्हणायला जीभ वळत नाही, तेव्हा यापुढे मी चाचाच म्हणणार. जहाँआराचाचीही व्यासपीठावर आहेत. त्यांना वर आणून बसवायला मंडळाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात चाचांनी एखादं इंजिन उतरवून ठेवलं असतं.

मी धर्मेंद्र. नांदगाव खंडेश्वरच्या देवीदास फुलवाल्यांचा मुलगा. धामणगावला शाळेत मराठी शिकवतो. मास्तराच्या हाती माइक दिला की काय होतं हे मंडळाला ठाऊक असावं, कारण मला 'थोडक्यात' असं येताना एकदा आणि माइक देताना एकदा बजावण्यात आलं आहे. प्रयत्न करतो.

प्रास्ताविक करताना कुलदीपभाऊ फार मनापासून बोलले. त्यात एक वाक्य आलं. वयोमानानं मिस्त्रींच्या हातातला जोर गेला, म्हणून गॅरेज बंद करून ते आता अकोल्याला मुलाकडे, वकारकडे राहायला जात आहेत. सभागृहात सगळे हळहळले. मी कुलदीपभाऊंना दोष देत नाही. सगळा बाजार हेच मानतो. पण ते वाक्य खरं नाही, आणि ते का खरं नाही हे सांगायला मी आज उभा आहे.

चाचा, तुम्ही असा हात हलवून मला बसायला सांगू नका. त्या हाताबद्दलच बोलायचं आहे. आणि मी आईला विचारून आलो आहे.

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. बाबांनी ती माझ्या जन्माआधी घेतली. शेवंती, झेंडू, गुलाब, जे काही वावरात फुलायचं ते जीपमध्ये भरून बाबा पहाटे नांदगावहून अमरावतीच्या बाजारात यायचे. तुमच्यापैकी अनेकांनी त्या जीपचा हॉर्न ऐकून दुकानं उघडली आहेत. पुढं बाबांना काचबिंदू झाला. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. बाबांचं उत्तर तयार होतं. "जीप काय डोळ्यानं चालते? हातापायानं चालते."

आता अशा माणसाला काय सांगायचं? मी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "तू पोट्ट्यायले व्याकरण शिकव." मग एका पहाटे एक दूधवाला सायकलवरून बाजूनं येत होता, तो बाबांना दिसलाच नाही. त्यानं उडी टाकली म्हणून वाचला. सायकल मात्र चाकाखाली गेली. घरी येऊन बाबा म्हणाले, "थो मधात आला." त्या दिवसापासून बाबा घरी परतेपर्यंत आईच्या गळ्याखाली चहा उतरायचा नाही. आज ना उद्या यांच्या हातून कोणाचा तरी जीव जाणार, ही तिची भीती होती.

त्याच सुमारास जीपचा ब्रेक मऊ लागायला लागला आणि बाबांनी गाडी चाचांच्या गॅरेजमध्ये आणून टाकली.

इथं थोडी कारागिरी सांगतो. इथले टेम्पोवाले हसतील, पण माता-भगिनींसाठी सांगतो. ब्रेकचं तेल एका बारीक धातूच्या पाइपातून चाकापर्यंत जातं. त्या पाइपाच्या टोकाला एक छोटा नट असतो, ब्रेकचं काम करायचं तर तो सोडावाच लागतो. वर्षानुवर्षं चिखलपाणी खाऊन तो नट गंजतो आणि जागीच घट्ट बसतो. जोर लावून फिरवला तर नटाबरोबर आतला पाइपही पिळला जातो आणि तुटतो. म्हणून बहुतेक मिस्त्री सरळ पाइप कापतात आणि नवा घालतात. त्यात काही वावगं नाही. पण चाचांनी कधी पाइप कापला नाही. तारेच्या ब्रशनं गंज घासायचा, तेल सोडायचं, थांबायचं. हातोडीनं हलकं ठोकायचं, परत तेल. मग पाना लावून नट आधी किंचित आवळायचा आणि त्यानंतर सोडायचा. घाई करणाऱ्याला चाचा म्हणायचे, "नटले घाई दाखवू नोका, थो अजून अडून बसते." अमरावतीत गंजलेला नट कोणाकडून सुटला नाही की गाडी चाचांकडे यायची. ही त्यांची ओळख होती, आणि त्यांना तिचा अभिमानही होता. चेहऱ्यावर दाखवायचे नाहीत, पण होता.

बाबांनी गाडी टाकली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई एसटीनं एकटी अमरावतीला आली. नट अडून बसलाय हे बाबांनी आदल्या रात्री घरी सांगितलं होतं, पण ती कुठं चालली हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. ती गॅरेजमध्ये गेली, चाचींनी चहा दिला, तो तिनं हातात तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "गफ्फारभाऊ, थो नट सुटू नोका देऊ. गाडी अठीच राहू द्या. यायच्या हातून कोनाचं तरी लेकरू मरन."

चाचांनी पाना उचलला आणि परत जीपखाली शिरले. नट तर त्याच सकाळी सुटला होता.

त्यांनी तो परत आवळला. म्हणाले, "भाबी, माह्यावर सोडा. नाही सुटत म्हणतो."

तिथून हे सुरू झालं. बाबा फुलांची गाठोडी घेऊन एसटीनं यायचे, माल देऊन झाला की गॅरेजमध्ये येऊन बसायचे. "सुटला का गा गफ्फार?" "नाही ना भाऊ." "मंग कापून टाक पाइप." "माह्या हातानं पाइप कापाले लावता का भाऊ? लोक काय म्हणतीन?" यावर बाबा पाइप कापायचा विषय सोडून द्यायचे, कारण मित्राचं नाव त्यांनाही प्यारं होतं. उलट स्वतः वाकून नटावर तेलाचे थेंब सोडायचे. बाबा समोर असले की चाचा जीपखाली शिरायचे, पाना लावायचे, दात-ओठ खायचे, कण्हायचे, आणि जोर मात्र कणभर लावायचे नाहीत. चाची आतून म्हणायच्या, "इतना जोर लगाया तो जीपच उचलून येईन." चाची, तुम्ही आता पदराआड हसताय, पण तेव्हा तुम्हाला ते हसू आवरायला किती कष्ट पडले असतील?

इथपर्यंत गोष्ट गमतीची आहे. इथंच संपली असती तर मी ती हसत सांगून खाली बसलो असतो.

एक दिवस चाचा बराच वेळ हात वर करून पाना धरून होते. रग लागून त्यांचा हात थरथरायला लागला. बाबांना बाजूचं दिसत नसे, पण हे अगदी समोर होतं. ते म्हणाले, "राहू दे गफ्फार. बाहेर ये." त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. घरी आले, ताटावर बसले आणि जेवले नाहीत. आईला म्हणाले, "पार्बता, गफ्फारचा हात गेला वं."

आई समोर गजरे ओवत बसली होती. तिनं खरं सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी गाडी काढून रस्त्यावर गेले असते. म्हणून ती गजरे ओवत राहिली.

आमच्या बाबांचा जीव मोठा आणि आवाजही मोठा. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाजारात एकेकाला बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली. "बाप्पा, गफ्फारकडे जड काम नेऊ नोका. त्याचा हात गेला. त्याले तरास होते. आन मी सांगतलं म्हनून त्याच्यापाशी बोलू नोका, त्याले वाईट वाटन." या सभागृहात बसलेल्या किती जणांना बाबांनी हे सांगितलं? हात वर करू नका, मला माहीत आहे. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. आणि तुमचंही चाचांवर प्रेम, म्हणून तुम्ही तुमच्या गाड्या दुसरीकडे न्यायला लागलात. क्लच दुसरीकडे, गिअर दुसरीकडे, ब्रेक तर नाहीच नाही. चाचांकडे उरलं ते हवा भरणं आणि बल्ब बदलणं. अध्यक्षसाहेब, तुम्ही चाचांना हाताला चोळायला तेलाची बाटली आणून दिली होती, आठवते? ती अजून गॅरेजच्या फळीवर आहे. चाचांनी ती ठेवून घेतली, कारण परत करायची तर कारण सांगावं लागलं असतं.

वकार अकोल्याहून आला की चिडायचा. "अब्बा, एकदा सर्वांसमोर एखादा नट खोलून दाखवा." चाचा म्हणायचे, "देवीदासभाऊच्या कानावर जाईन. थो उद्याच गाडी घेऊन जाईन." म्हणजे मित्राला घरी सुखरूप ठेवायचं तर हात गेलेला माणूस म्हणून जगायचं, एवढाच रस्ता उरला होता. आणि गॅरेज रिकामं करत होता तो मित्रच, तेही चाचांची काळजी वाटून. सांगा, यात रागवायचं कोणावर? मी गेलं वर्षभर शोधतो आहे. रागवायला कोणी सापडलं असतं तर माझ्या जिवाला थोडं बरं वाटलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात बाबा झोपेतच गेले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा त्यांनी आईला सांगितलं होतं, "गफ्फारकडे जाशीन तं त्याच्यासाठी लसणाचं तेल कढवून नेजो."

दिवस झाल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. जीप विकून टाकावी असं मनात होतं. चाचा म्हणाले, "बिनब्रेकची गाडी कोनाले देऊ नये बेटा. थांब." आणि ते जीपखाली गेले. मी पाहत होतो. त्यांनी पाना लावला, किंचित आवळला, आणि एका हातानं सोडला. बाटलीचं झाकण फिरावं तसा तो नट फिरला. मला काही कळेना. इतके दिवस जो नट सुटला नाही, तो आज असा? चाचा जीपखालून बाहेर आले नाहीत. तिथूनच त्यांचा आवाज आला.

"आता देवीदासभाऊले कोन सांगन, का माहा हात गेला नाही म्हनून?"

त्या संध्याकाळी आईनं मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, उद्याच बाजारात सांगतो. तर चाचांनीच अडवलं. लोक देवीदासभाऊंवर हसतील म्हणाले, गेलेल्या माणसावर कोणी हसलेलं मला चालणार नाही. म्हणून आणखी एक वर्ष गेलं आणि त्या वर्षात गॅरेजचं उरलंसुरलं कामही गेलं. चाचा, आज तुम्ही नाही म्हणत असतानाही मी बोललो. पण पाहा, कोणी हसत नाही.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? बाबांना हे कळलं असतं तर ते भयंकर चिडले असते. आठ दिवस चाचांशी बोलले नसते, आईशी तर महिनाभर नाही. आणि मग एका सकाळी गॅरेजमध्ये जाऊन एवढे मोठ्यानं हसले असते की रस्त्यावरची माणसं थांबली असती. ते हसणं व्हायला हवं होतं. या दोन माणसांचा त्यावर हक्क होता. ते झालं नाही, आणि आता होणारही नाही. त्याऐवजी माझे बाबा मित्राची कीव करत गेले, आणि चाचांनी ती मुकाट घेतली.

जीप आम्ही विकली नाही. आज मी आईला तिच्यातूनच घेऊन आलो. बाहेर फाटकाशी उभी आहे. इथल्या जाणकारांनी जाताना वाकून पाहावं. पाइप जुनाच आहे, कुठंही कापलेला नाही. आणि कुलदीपभाऊ, मंडळाच्या वृत्तांतात ते मघाचं वाक्य लिहायचं असेल तर एवढं लिहा, की मिस्त्री अकोल्याला जात आहेत आणि जाताना हात बरोबर घेऊन जात आहेत.

मला बोलू दिलं याबद्दल अध्यक्षांचे, मंडळाचे, माइकची तार धरून उभ्या असलेल्या भाऊंचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. थोडक्यात जमलं नाही. बोलण्याच्या ओघात कोणाला लागेल असं काही गेलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते सभागृहानं पोटात घालावं.

आईला मागायची आहे ती माफी मात्र सभागृहाकडे नाही, चाचांकडेच मागावी लागेल. घरून निघताना तिनं मला दोन वाक्यं पाठ करायला लावली आणि अशीच म्हण असं सांगितलं. "गफ्फारभाऊ, तुमचा हात गेला नव्हता, मले माहीत होतं. यायले सांगाचं राहून गेलं."

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाही, उभी राहिली आहे. चाचाही उठले. मग आता माझं काही काम नाही. मी बसतो.