दीड फेरा

—नाही, त्या स्टुलावर नको, ते माझं आहे आणि उद्यापासून कोणाचंच नाही, भंगारात जायचंय. तुम्ही या डब्यावर बसा, पैलवान, पत्रा जाड आहे, झेलेल तुम्हाला. आणि हनुवटीवरचा हात काढा, बघू दे की—किती टाके, चार? हँडलवरच आपटली असणार, तिथं पुढं दुसरं असतं काय. उभ्यानं चालवायची जेट स्की, पोटावर पालथं पडून सुरू करायची, जोर आला की गुडघ्यावर, मग पायावर. तुम्ही गुडघ्यावर आलात आणि तिनं मान टाकली. सांगू नका, कळलं मला. शंभर किलोचा माणूस, शर्यतीचा दिवस, धक्क्यावर सासरची मंडळी, आणि हे पाण्यात डोकं खाली, पाय वर. कोणी हसलं असेल तर त्याला तरी काय बोलणार.

आमचे चिरंजीव गेलेत वेल्डिंगचा सिलिंडर आणायला, येतील एवढ्यात, त्यांच्याशीच भांडा. तोवर मी आहे. असं बघू नका, मी इथं झाडू मारायला बसत नाही. तुमच्यासारखे सगळे आधी काय करतात ठाऊक आहे ना—एक्झॉस्टमधली जाळी उपटून फेकून देतात. आवाज वाढला की यांना वाटतं जोर वाढला. आवाजानं माणूस उचलला जात असता तर आमच्या नणंदेनं अख्खी गल्ली उचलून ठेवली असती. तुम्हीही उपटलीच होती की, म्हणून तर पहिल्यांदा आलात. काय म्हणाला होतात—खालचा जोर हवा, वरचा वेग नको. तेवढं एक शहाण्यासारखं बोललात, ते कोणीतरी शिकवून पाठवलेलं असणार.

खालचा जोर म्हणजे काय, सांगेल का कोणी? मीच सांगते. पाइपात धूर जातो, टोकाला आपटतो, त्याचा धक्का इंजिनाकडं परत येतो. इंजिन हळू फिरतंय तेव्हा तो धक्का उशिरा पोचायला हवा. मग एकतर पाइप लांब करा, नाहीतर आत पाणी जास्त सोडा—धूर थंड झाला की धक्का सावकाश परततो. पाणी किती, ते ठरवतो एक पितळी स्क्रू, एवढासा, करंगळीच्या नखाएवढा. सगळं घराणं त्या स्क्रूवर जगलंय आमचं. दारावर नाव आहे ना, उस्ताद म्हणून, ते आमचे हे. लोक म्हणायचे, काय कान आहे उस्तादांचा. कान—चाळिशीतच गेले होते त्यांचे कान, इंजिनांनी खाल्ले. गाडी पाण्यात सोडून बाहेर धक्क्याच्या खांबाला दोरानं बांधायची, हे थ्रॉटल दाबणार, मी मागं उभी, यांच्या खांद्यावर बोट. एकदा वाजवलं की स्क्रू सोडायचा, दोनदा वाजवलं की आवळायचा. एकतीस वर्षं वाजवलं, पैलवान. एकाही गिऱ्हाइकाला प्रश्न पडला नाही की ही बाई इथं का उभी आहे. वाटलं असेल, नवऱ्यावर फार जीव आहे.

आणि हा आमचा शिकलेला. खांद्यावर बोट नको, दोरात वजनकाटा अडकवतो, गाडी किती किलो ओढते ते बघतो, लॅपटॉपवर रेघा काढतो. मला म्हणाला, आई, आता तू घरी आराम कर, त्या स्टुलाची अडचण होते. अडचण. तुमची गाडी हे त्याचं पहिलं एकट्याचं काम, माझ्या कानाशिवायचं. नळी लांब केली त्यानं, मोजपट्टी लावून, वेल्डिंगचा जोड असा घातलाय की मुंग्यांची रांग चाललीये. मुंग्या सरळ चालल्या म्हणून गाडी चालते का? काटा म्हणाला होता ना झकास आहे म्हणून, मग दाखवा ते टाके त्या काट्याला. झालंय काय, तर पाणी कमी पडलंय. स्क्रू दीड फेरा जास्त आवळलेला, पाइप तापला, खालचा जोर गेला. आंधळ्यालाही कळेल.

—काय? हो, गाडी बाहेरच आहे, ट्रेलरवर, ताडपत्रीखाली. नाही, मी नाही उघडून बघितली. मग काय झालं, अनुभव नावाची चीज असते. दीडच का? दीडच. एक नाही, दोन नाही... तुम्ही दिसता तेवढे ठोंबे नाही म्हणायचे.

हे बघा—तुमच्या गाडीचं काम झालं त्या संध्याकाळी त्यानं ती खांबाला बांधली आणि मी या खिडकीत बसले होते, ऐकायचं नाही असं ठरवून. खालून जी उचलली ना तिनं... दोर असा ताठला की खांब कुरकुरला. आमच्या हातून, एकतीस वर्षांत, अशी एक गाडी निघाली नाही. एकही नाही. आणि तो काट्याकडं बघत होता, त्याला ते ऐकूसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेला. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. मला वाटलं, जराशी ढेपाळेल, तुम्ही कुरकुरत परत याल, तो माझ्याकडं वळून म्हणेल, आई, जरा ऐक गं. एवढंच. तुमची हनुवटी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

थांबा, व्हॅन आली त्याची. सायलेन्सर फुटलाय तिचा, आठवडा झाला. अख्ख्या गल्लीला कळलंय, त्याला नाही. बापाचे कान घेतलेत पोरानं, आणि मी म्हणत होते काट्याचा माज आहे.

हा घ्या स्क्रूड्रायव्हर. डावीकडं, दीड फेरा, तुमच्याच हातानं. त्याला काय सांगायचं ते तुम्ही बघा, मी कोणाच्या पाया पडत नाही. दुखतंय का रे फार?... बरं. मग उठा. मला काम आहे, आणि तो डबा कोणाच्या बापाचा नाही.