वर कळवलं जाईल

श्यामलाकाकू : हळू बोल. आणि त्यावरचा टॉवेल काढू नकोस.

शाल्मली : काकू, कॉम्प्युटरला टॉवेल कशाला? आमच्या ग्रुपने ट्रायलला दिलाय ना, रोज वापरायचं ठरलं होतं आपलं.

श्यामलाकाकू : वापरला की. स्वस्तातला असून चांगला चालायचा. मग दोन तारखेला अक्षरं मोठी करायला गेले, तर पासवर्ड मागितला. मी माझा घातला. म्हणतो, तुमचं नाव यादीत नाही, ह्या घटनेबद्दल वर कळवलं जाईल.

शाल्मली : बरं, मग?

श्यामलाकाकू : मग काय. वाटलं स्वल्प चुकलं असेल, परत घातला. असं नऊ वेळा. नऊही वेळा तेच.

शाल्मली : अहो, त्यात घाबरण्यासारखं काही नाहीये.

श्यामलाकाकू : तुला काय ठाऊक. ह्यांच्या कारखान्यात एकदा असंच वर कळवलं गेलं. ह्यांनी चुकीचं कपाट उघडलं, एवढंच. दोन वर्षं चौकशी चालली. कॉलनीत कुणी बोलेना आमच्याशी. आता दाराशी कुणी थांबलं की मी दिवा घालवते. दोन साड्या आणि बीपीच्या गोळ्या बॅगेत भरून ठेवल्यात. पोलीस आले तर शोधाशोध नको.

शाल्मली : काकू, ते वाक्य मी लिहिलंय.

श्यामलाकाकू : तू?

शाल्मली : मूळ इंग्रजीत आहे, जुनं. आमचं सगळं ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वाचावं, कुणीही आपल्या भाषेत आणावं. मराठी मी केलं, शब्दाला शब्द. साध्या माणसांना कळावं म्हणून.

श्यामलाकाकू : कळलं की मला. नीट कळलं. पण कळवतो कुणाला तो?

शाल्मली : ज्याच्या नावावर मशीन लावलंय त्याला. ट्रायलची सगळी मशीन्स माझ्या नावावर आहेत. तुमचे नऊ मेसेज मलाच आले असणार. मी उघडलेच नाहीत.

श्यामलाकाकू : म्हणजे पोलीस नाहीत.

शाल्मली : नाहीत. खरंच नाहीत. सॉरी काकू.

श्यामलाकाकू : सरी, असू दे. स्वल्प पाणी दे मला. आणि तू का अशी पांढरी पडलीस?

शाल्मली : गेल्या आठवड्यात शहराबाहेर आनेकलला चाळीस बायकांना हीच मशीन्स दिली. त्यातलं कन्नड आमच्या ग्रुपमधल्या जयतीर्थने केलं, माझ्याच मराठीवरून. थांबा, बघते. (मोबाइल उघडून) आलेत. बारा मेसेज, सगळे एकाच घरून. गौरीअक्का. बोम्मसंद्राच्या फॅक्टरीत पॅकिंगला जातात त्या.

श्यामलाकाकू : घरात आणखी कोण?

शाल्मली : कुणी नाही.

श्यामलाकाकू : फोन लाव तिला.

शाल्मली : लावला. बंद आहे. शिफ्टवर असतील.

श्यामलाकाकू : माझाही बंदच करून ठेवलाय, दोन तारखेपासून.