लँगफर्डची बाजू

सोनाली : बसा ना, काका. तुमचीच खुर्ची आहे ती.

श्याम : नको, निघतोच मी. सवयीनं आलो. रविवार म्हणून कसब्यातून निघालो, वारज्याच्या बसमध्ये बसलो, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, आता वाचून दाखवायचं कुणाला?

सोनाली : मग उतरून परत जायचं.

श्याम : पुण्याची बस मधेच उतरू देते असं तुला कोण म्हणालं?

चंद्रभागा : जाऊ नका भाऊजी. चहा टाकलाय. गुरुवारी यांच्या पुण्यानुमोदनाला, शेवटचं वंदन करायला एवढी माणसं आली, पण तुम्ही दारातूनच परत गेलात. मी बघितलं.

श्याम : गर्दी होती, वहिनी.

चंद्रभागा : आज नाही गर्दी. बसा.

सोनाली : पिशवीत काय आहे?

श्याम : तेच. जुन्या बाजारातली मासिकं. लँगफर्डवरचा लेख अर्धा राहिला होता. तुझा बाप, सीताराम, म्हणाला, शाम्या, आज थकलोय, उरलेला पुढच्या रविवारी. मी म्हटलं, बरं. मला काय माहीत!

सोनाली : मला वाचून दाखवा.

श्याम : तुला काय करायचंय? शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले मुष्टियोद्धे. तुझ्या कंपनीत त्याला कोण विचारतंय?

सोनाली : काका, बाबांचा दुसरा डोळाही अधू झाल्यापासून दर रविवारी मी हेच ऐकतेय. मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचे आणि बाहेर तुमचं दोघांचं सुरू. जॉन्सन मोठा की लँगफर्ड मोठा. सगळं पाठ आहे मला. आज मी बाबांची बाजू घेते. तुम्ही भांडा.

श्याम : वेडी आहेस का?

सोनाली : भांडा ना, प्लीज. घर फार गप्प झालंय.

श्याम : ... बरं. मग ऐक. जॅक जॉन्सन पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. त्याच्याआधीच्या गोऱ्या जगज्जेत्यानं, सलिव्हननं, सरळ सांगून टाकलं होतं, काळ्या माणसाशी मी लढणार नाही. पीटर जॅक्सनसारखा काळा मुष्टियोद्धा वाट बघत म्हातारा झाला. जॉन्सन मात्र वाट बघत बसला नाही. तेव्हाचा जगज्जेता बर्न्स, त्याच्या मागे लागला, पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि तिथं त्याला बडवून पदवी घेतली. त्याच्याएवढा मोठा कोण?

सोनाली : मान्य. पण पदवी मिळाल्यावर काय केलं त्यानं? सॅम लँगफर्ड समोर उभा होता. काळाच होता तोही. किती वेळा म्हणाला, माझ्याशी लढ. जॉन्सननं त्याला एकदाही संधी दिली नाही.

श्याम : कारण आधी एकदा हरवला होता त्याला! पंधरा फेऱ्या. लँगफर्डला खाली पाडला होता.

सोनाली : तेव्हा लँगफर्ड केवढा होता? कोवळा पोरगा, वजनानं कितीतरी हलका. नंतर भरला तो. जॉन्सनला माहीत होतं की आता हा झेपणार नाही. ज्या दारातून त्याला वर्षानुवर्षं आत घेतलं नाही, तेच दार आत गेल्यावर त्यानं आपल्याच माणसाच्या तोंडावर लावलं. बाबा असंच म्हणायचे ना?

श्याम : अगदी शब्द न शब्द. फक्त तो असं म्हणताना टेबलावर थाप मारायचा.

सोनाली : मग द्या उत्तर.

श्याम : माझं उत्तर ठरलेलं असायचं. एखादा लढायला आला नाही म्हणजे तो भ्यालाच, असं नसतं. कारणं असतात.

सोनाली : कुठली कारणं? दोन काळ्यांची झुंज बघायला कोण येणार, हे? हे कारण आहे, काका? पुढे गोरा जगज्जेता डेम्प्सी आणि काळा हॅरी विल्स, त्यांचंही तेच. विल्स वर्षानुवर्षं थांबला. झुंज झालीच नाही. ज्यांच्याशी लढायला हवं होतं त्यांनाच टाळलं आणि चॅम्पियन म्हणून मिरवले. मग कोण किती मोठा होता, हे ठरणार कसं?

श्याम : नाही ठरत. म्हणून तर रविवार पुरायचे नाहीत.

सोनाली : आणि तुमचं काय?

श्याम : माझं काय?

सोनाली : तुम्ही राज्य स्पर्धेच्या फायनलला का आला नाहीत?

चंद्रभागा : सोनाली.

सोनाली : थांब आई. मला हे लहानपणापासून विचारायचंय. पुण्यात तेव्हा हेवीवेटला दोघंच. कॅम्पातल्या क्लबातले सीताराम गायकवाड आणि श्याम वडके. एका क्लबातले, एका उस्तादाचे. फायनलला दोघंच उरले. बाबा ग्लोव्हज घालून रिंगमध्ये उभे राहिले आणि समोर कोणी नाही. पंचानं हात वर केला. बिनलढतीचा चॅम्पियन! आमच्या वस्तीतली माणसंसुद्धा त्यांना चिडवायची, चालत आलेलं पदक म्हणून. त्यांनी ते पदक कधी भिंतीवर लावलं नाही. का, हे मला कधी कळलं नाही. आत्या म्हणायची, श्याम भ्याला.

श्याम : खरं आहे. मला पळपुटा म्हणायचे. अजून आळीत दोन म्हातारे म्हणतात.

सोनाली : फक्त पळपुटा? तुमच्या काकांनी पेठेत काय सांगितलं? बरं झालं नाही गेला, त्यांच्यातल्या पोराकडून मार खायला कशाला जायचं. हे बाबांच्या कानावर आलं होतं, काका. आणि तुम्ही गप्प होतात.

श्याम : होतो.

सोनाली : म्हणजे सलिव्हनसारखंच? काळ्याशी लढणार नाही?

श्याम : नाही! अगं, त्याच्या ताटात जेवलोय मी. तसलं काही... नाही, सोनाली. शपथ.

सोनाली : मग काय? बोला ना.

श्याम : नको. सीताराम नाही आता. जे त्याला सांगितलं नाही ते तुला सांगून काय उपयोग?

चंद्रभागा : मी सांगते.

श्याम : वहिनी, तुम्हाला काय माहीत?

चंद्रभागा : हे घ्या, आधी चहा घ्या. सोनाली, तुझ्या बाबांचा डावा डोळा त्या फायनलच्या आधीच गेला होता.

सोनाली : काय? डोळा तर कारखान्यात नोकरीला लागल्यावर...

चंद्रभागा : ते सगळ्यांना सांगायला. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. एकदा जेवताना त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, चंद्रा, तू अर्धीच दिसतेस. खालून काळा पडदा चढलाय. सरावात मार बसून आतलं काहीतरी फाटलं होतं. मी म्हटलं, दवाखान्यात चला. नाही म्हणाले. डोळ्याचं कळलं तर खेळू देणार नाहीत, आणि राज्याचं पदक नसेल तर खडकीच्या कारखान्यातली खेळाडूची जागा जाईल. कुणाला बोलू नको.

श्याम : पण मला कळलं होतं.

चंद्रभागा : हाय ठाऊक.

श्याम : काय?

चंद्रभागा : तुम्हाला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

श्याम : कसं शक्य आहे? मी अवाक्षर बोललो नव्हतो. सरावात माझा उजवा हात त्याला लागायला लागला. लागोपाठ. सीतारामला कधी लागायचा नाही तो, डोकं असं अलगद बाजूला घ्यायचा. मग मी मुद्दाम हात हळू, लांबून, एखाद्या पोरासारखा टाकून बघितला. तोही लागला. तेव्हा समजलं, त्या बाजूचं याला काही दिसतच नाही.

चंद्रभागा : त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, शाम्यानं आज मला तपासलं.

श्याम : ... मग मला का नाही बोलला?

चंद्रभागा : तुम्ही तरी कुठं बोललात?

सोनाली : थांबा, थांबा. म्हणजे डोळ्यासाठी तुम्ही आला नाहीत?

श्याम : माझा उजवा हातच काय तो चांगला होता, सोनाली. रिंगमध्ये उतरलो असतो तर तोच मारला असता. मारायचा नाही असं ठरवून गेलो असतो तरी घंटा झाल्यावर मारलाच असता. मी स्वतःला ओळखत होतो. म्हणून घरी बसलो. दुकानात तांब्याच्या घंगाळावर ठोके मारत बसलो दिवसभर. वडिलांनी विचारलं, आज तुझी झुंज ना? म्हटलं, पोट बिघडलंय.

सोनाली : आणि त्यानंतर सगळं ऐकून घेतलंत? काकांचं ते बोलणंसुद्धा?

श्याम : खरं सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. नोकरी पक्की झाली, मग डोळा गेला हे सगळ्यांना कळलं. तोवर बोलायची वेळच निघून गेली होती. आणि मला वाटायचं, त्याला वाटू दे की मी भ्यालो. त्यात त्याचा मान आहे.

सोनाली : मान? काका, तुम्ही त्यांच्या वतीनं परस्पर ठरवलंत. त्यांनी लढायचं की नाही, त्यांचा डोळा, त्यांची झुंज, आणि निर्णय तुमचा. आमच्याशी लढू नको म्हणणाराही तुमच्याकडचा, आम्हाला सांभाळून घेणाराही तुमच्याकडचा. बाबांना कोणी विचारलंच नाही.

चंद्रभागा : सोनाली, एवढं नको बोलू. भाऊजींच्या त्या न येण्यानं पदक मिळालं, पदकावर नोकरी. नोकरीच्या वेळी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेले होते ते. नोकरी पक्की झाल्यावर मग डॉक्टरला दाखवलं. फार उशीर झाला म्हणाले. तू शिकलीस, हे घर झालं, ते सगळं त्या नोकरीवर. मी कधी वाईट बोलले नाही भाऊजींना.

सोनाली : पण बाबा?

चंद्रभागा : ते फायनलहून आले आणि जेवले नाहीत. पदक खुंटीवर नाही, पिठाच्या डब्यामागं ठेवलं. मी म्हटलं, जिंकलात ना? तर म्हणाले, जिंकलो कुठं, मला सोडून दिलं. हरून आलो असतो तर दोन घास खाल्ले असते.

श्याम : असं म्हणाला?

चंद्रभागा : तुमच्याकडून हरायला त्यांची हरकत नव्हती, भाऊजी.

श्याम : आणि मी समजत होतो... वहिनी, तो दर रविवारी मला सांगायचा. लँगफर्डचा एक डोळा बोस्टनला गेला, तरी तो पुढं कितीतरी वर्षं लढत राहिला. चाचपडत लढला, पण लढला. दर रविवारी, कुठल्याही लेखावरून तिथंच यायचा. मी म्हणायचो, मूर्खपणा होता तो. शेवटी दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला, एका अंधाऱ्या खोलीत एकटा सापडला. तर म्हणायचा, असेल. पण त्याचा त्यानं केला ना मूर्खपणा? दुसऱ्यानं तर नाही केला त्याच्यासाठी.

सोनाली : तुम्हाला कळलं नाही, ते कुणाबद्दल बोलतायत?

श्याम : मला लँगफर्डबद्दलच वाटायचं. खरंच वाटायचं. नाहीतर... माहीत नाही. वाटून घ्यायचो असेन.

(श्याम चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसतो, पुन्हा घालत नाही.)

सोनाली : काका, मी फार लागेल असं बोलले का?

श्याम : नाही. बरोबर बोललीस. एवढ्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं. सीताराम असा बोलला असता तर बरं झालं असतं. मला मारायला हवं होतं त्यानं एकदा. रिंगमध्ये नाही, तर इथं, या खोलीत.

चंद्रभागा : दोघंही तसलेच. बोलायचं झालं की अमेरिकेला जायचे.

सोनाली : आई, बाबांनी शेवटी काही म्हटलं होतं का? काकांबद्दल?

चंद्रभागा : शेवटी शुद्ध नव्हती. पण आजारी पडायच्या आधी एकदा, तुम्ही बसस्टॉपकडं गेल्यावर, मला म्हणाले, चंद्रा, शाम्याचा आवाज थकलाय गं. वाचताना दम लागतो त्याला. त्याला सांग, दर आठवड्याला एवढं लांब येत जाऊ नको. मी म्हटलं, तुम्हीच सांगा की. तर म्हणाले, मी नाही सांगणार. मला तो यायला हवाय.

श्याम : वहिनी...

चंद्रभागा : मला एक विचारायचंय, भाऊजी. मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. एवढी वर्षं तुमच्या दोघांचं ऐकलं, पण हे जॉन्सन-लँगफर्ड कोण जिंकले असते, मला काही घेणं नाही. तुम्ही त्या दिवशी गेला असता तर कोण जिंकलं असतं?

सोनाली : आई, हे आता कसं सांगणार ते?

चंद्रभागा : तेच सांगू शकतात. दुसरा गेला. आणि माझं मन राखायला काही बोलू नका.

श्याम : नाही बोलणार. पहिली फेरी माझी झाली असती. दुसरीही बहुतेक माझीच. उजवा हात लागत गेला असता, त्याची भुवई फुटली असती. पण तिसऱ्या फेरीत माझा दम जायचा, वहिनी. हात खाली यायचे. क्लबात हे फक्त सीतारामला ठाऊक होतं. तो दोन फेऱ्या मार खात थांबला असता, मला मारू दिलं असतं, आणि तिसरीत एकदा जवळ आला असता. त्याला जवळ यायला एकदाच पुरायचं.

चंद्रभागा : म्हणजे हे?

श्याम : हो.

चंद्रभागा : एका डोळ्यानं?

श्याम : एका डोळ्यानंसुद्धा, वहिनी.