आठवं कडवं

“अंतरपाट धरा पुन्हा! माह्यं आठवं कडवं राह्यलं! सातात कुठं मंगलाष्टक होते?”

“मावशी, लगन छकुलीचं हाय का तुमचं?” नवरदेवाचा मामा ज्ञानेश्वर, खामगावचा, हार घातलेल्या जोडीपुढं आडवा उभा.

मले राग नाही आला. तुम्हाले सांगते, काहीच नाही आलं. भिंतीले येते का राग?

तुम्ही म्हणसान, बुढी काऊन मांडव डोक्यावर घेते? अहो, शाळेची पायरी न चढता, लोकाइच्या लग्नपत्रिका वाचू वाचू अक्षरं शिकली मी! सारं देऊळघाट माह्यीच मंगलाष्टकं म्हणते... कोणाची, म्हणून इचारा. “जुनीच हायेत, असतीन कोणाची!” जुनी? अन् मी इथं जितीजागती बसली ते?

तं माही नात प्रेरणा, पुण्याले लॅटिन शिकते. म्हणे, आजी, ते जुने रोमन कवी कवितेतच कवितेचं सांगतात. एखादा लढाईचं लिहाले बसते अन् लिहिते काय, तं मले लढाईचं लिहिता येत नाही! आपल्याच पुस्तकाले दम देते, नीट राह्य म्हणते! अन् शेवटी ठासून, का मी मरीन, हे कवन नाही मरणार! आं? असं चालते? मंग म्याच काय घोडं मारलं?

लिहिलं आठवं कडवं. नवरीचं, माह्या भाचीचं, छकुलीचं रूप लिहिता येईना, तेच लिहिलं. शाई सरली, तेही लिहिलं. अन् खाली, “कडूबाई म्हणे...” जन्मात पहिल्यांदा माह्यं नाव!

उभी राह्यली माइकपाशी. सात झाले. लोकाइच्या मुठीत अक्षता. आठव्याच्या आधी जरासा दम घेतला, या वयात माणूस दम घेईन का नाही?... बँडवाल्याले वाटलं, संपलं! धडाडधूम! अंतरपाट खाली, हार गळ्यात, अक्षता डोक्यावर, अन् वऱ्हाड पंगतीकडं!

मले राग नाही आला. काहीच नाही आलं.

“लागलेलं लगन उसवता का आता?” ज्ञानेश्वर. माही बहीण पुष्पा, नवरीची माय, माह्या कानाशी, “बाई, पुढच्या लग्नात म्हण वं, नाव काय पळून जाते?” अन् प्रेरणा, पोरगी बिचारी धीर देऊन राह्यली, “आजी, त्या कवींचं म्हणणंही ते मेल्यावरच खरं झालं...”

माइक माह्या हातात चालूच होता. साऱ्या मांडवाले ऐकू गेलं.

“जाऊ द्या, ते कडवं माह्या दहाव्याले म्हणा, तिथं बँड नसते.”