पुलाच्या अलीकडं

मुखेडच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. तरुण होती ती विचारत होती.

"काकू, ओढ्यावर पूल होणार म्हणून ऐकलं."

"हाव. कालच ठरलं."

"जिल्ह्यावरून हुकूम आला का?"

"न्हाई बाई. औंदापासून रस्त्याचा पैसा कुठं लावायचा ते आपल्या पाच गावांच्या कमिटीनंच ठरवायचं. पाच गावांचे पाच मेंबर. दोघं म्हणले पूल करा, दोघं म्हणले रस्ता डांबरी करा. राहिला माझा हात."

"मग?"

"केला वर पुलासाठी. रोज ओढ्यावर ड्रायव्हर समद्यांना खाली उतरवतो, रिकामी गाडी ओढ्यातल्या त्या जुन्या दगडी फरशीवरून हळू काढतो, अन् आपण मागनं चालत. म्हातारी असो का लेकुरवाळी. किती वर्षं चालायचं?"

"पण तिथंच तर काकांचं चहाचं हॉटेल हाय. उतरलेली माणसंच चहा पितात."

"ते समोरच बसले होते. माझ्या हाताकडंच बघून राहिले होते."

"मग आता बोलतात का तुमच्याशी?"

"बोलून न्हाई राहिले. लिहून राहिले. पुलाच्या अलीकडं गतिरोधक पाहिजे म्हणून अर्ज."

"हॉटेलासमोर?"

"बरोबर हॉटेलासमोर."

"अन् अर्ज द्यायचा कुणाला?"

"कमिटीच्या मेंबरला. वर लिहिलंय, माननीय नागाबाई यांस. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझं नाव घेतलं बघ."